पंक्चरवाला, उस्ताद आणि बोटीचं जुनं मशीन

'पंक्चरवाला' हे आता धंद्याचं नाव राहिलेलं नाही, ती शिवी झाली आहे. एखाद्या मुस्लिम नावाने फेसबुकवर काहीही लिहा, क्रिकेटबद्दल लिहा की पावसाबद्दल, दहा-बारा प्रतिक्रिया होईपर्यंत कुणीतरी हा शब्द फेकतोच. त्याची आता सवय झाली आहे. मला खटकतं ते आपल्या बाजूने दिलं जाणारं उत्तर. आपण लगेच यादी काढतो. अमुक मुलगी यूपीएससी झाली, तमुकचा मुलगा डॉक्टर झाला, आपल्या गावात इतके इंजिनिअर आहेत. यादी खरी असते आणि तिचा अभिमान मलाही आहे. पण ती पुढे करताना आपण शिवी देणाऱ्याचा मूळ मुद्दा गुपचूप मान्य करून टाकतो. ज्याच्या नखात ग्रीस अडकलेलं आहे तो माणूस कमी दर्जाचा, हे त्याचंही म्हणणं आणि आपलंही. वाद फक्त एवढाच उरतो की आपल्यात असे किती.

मला या वादात वेगळ्या बाजूने शिरायचं आहे, आणि त्यासाठी बोटीच्या एका जुन्या मशीनबद्दल जरा सविस्तर बोलायचं आहे.

मनवेलपाड्यातून समुद्र दिसत नाही. विरार पूर्वेची ही वस्ती. चाळी, चार-पाच मजली इमारती, तळाला गाळे, आणि मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे आलेली माणसं. इथे दुचाकीची गॅरेजं पावलापावलावर आहेत. त्यातल्याच एका गाळ्यात, स्कूटरच्या रांगेमागे, लाकडी घोडीवर बोटीची मशीनं टांगलेली असतात. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगावच्या खाडीकडची. ती टेम्पोतून किंवा रिक्षात आडवी टाकून रेल्वेच्या या बाजूला आणली जातात. गाळ्याच्या उस्तादांचं नाव मी लिहीत नाही, त्यांनाच ते नको आहे. मूळचे रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे. तरुणपणी मुंबईत रे रोडच्या दारूखान्यात जहाजं तोडण्याच्या कामावर होते. तोडलेल्या जहाजांच्या बचाव-बोटींवरची मशीनं तिथे भंगारात येत, ती उघडून उघडून ते शिकले. अर्नाळ्याचे मांगेला कोळी त्यांना चाचा म्हणतात, पाचूबंदरचे ख्रिस्ती कोळीही चाचाच म्हणतात, आणि चाचा सगळ्यांना नाखवा म्हणतात. नाखवा हा शब्द फारसीतल्या नाखुदावरून आला, खलाशी अरबी-फारसीतून आला आणि मिस्त्री पोर्तुगीजांच्या मेस्त्रेवरून. वसईच्या किनाऱ्यावर उभं राहून शुद्ध भाषेच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा बोटीवर चढून बघावं, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

मोठ्या मासेमारी बोटींना आत बसवलेलं डिझेल इंजिन असतं. मी बोलतोय ते होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायच्या मशीनबद्दल, म्हणजे आउटबोर्डबद्दल. वर इंजिन, खाली लांब दांडा, त्याच्या टोकाला पंखा. ओल एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने 1909 मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकीत अशी मशीनं विकायला सुरुवात केली. पुढे एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन नावं एकाच कंपनीत आली. ती कंपनी 2000 साली बुडाली, दुसऱ्या कंपनीने ही नावं विकत घेतली, आणि 2020 मध्ये एव्हिनरूडचं उत्पादन बंद झालं. म्हणजे चाचांच्या घोडीवर टांगलेलं सत्तरच्या दशकातलं 9.9 अश्वशक्तीचं जॉन्सन हे बेवारस मशीन आहे. त्याचा सर्व्हिस सेंटर नाही, त्याची वॉरंटी द्यायला कुणी उरलेलं नाही. ते चालतं ते फक्त माणसाच्या हाताच्या जिवावर.

काम कसं चालतं ते सांगतो, कारण 'पंक्चर काढणे' म्हणून ज्याची टिंगल होते ते नेमकं काय असतं हे बऱ्याच जणांनी जवळून पाहिलेलं नसतं.

मशीन आलं की चाचा आधी दोरी ओढत नाहीत. खालच्या गियरच्या डब्याचा स्क्रू ढिला करून तेलाचा एक थेंब बोटावर घेतात. तेल दुधाळ असलं तर सील गेलंय, पाणी आत शिरलंय, आणि असं मशीन चालवत राहिलं तर गियर खाऊन टाकेल. मग प्लग काढतात. प्लगचं टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर जळण नीट. पांढरं असेल तर मशीन उपाशी चालतंय, तापतंय. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमी. प्लगच्या भोकात गेज लावून दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघतात. आकडा किती यापेक्षा दोन्हींचा आकडा जवळपास सारखा आहे का, याला महत्त्व जास्त. एक सिलिंडर बराच खाली असेल तर पुढचं ट्यूनिंग करणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं, असं ते म्हणतात आणि मशीन परत करतात.

या जुन्या मशीनमध्ये इलेक्ट्रॉनिक ठिणगी नाही. फ्लायव्हीलच्या खाली मॅग्नेटो, आणि स्कूटरला पूर्वी असायचे तसे पॉइंट. प्रत्येक सिलिंडरचा वेगळा. फ्लायव्हील काढायला ओढणी लागते. काही ठिकाणी नट ढिला करून हातोडी मारतात, फ्लायव्हील निघतं, पण धक्का क्रँकला बसतो. चाचांच्या गाळ्यात हातोडी आहे, पण ती मशीनपासून लांब, भिंतीला टांगलेली. पॉइंटची फट 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. फीलर गेजचं पातं त्यात सरकवलं की ते अडकायला नको आणि सैलही जायला नको. 'लोण्यातून सुरी जाते तसं नाही, थंड लोण्यातून जाते तसं,' असं ते शागिर्दाला सांगतात. हे वाक्य कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही, पण फट त्यावरूनच कळते.

त्यानंतर पाण्याचा पंप. आउटबोर्डला रेडिएटर नसतो. समुद्राचंच पाणी आत ओढून, इंजिनाभोवती फिरवून बाहेर टाकतात. ते ओढणारा इम्पेलर हा रबराचा छोटासा पंखा असतो. मशीन पाण्याबाहेर नुसतं काही क्षण चालवलं तरी तो कोरडा घासून जळतो. चांगल्या चाललेल्या मशीनच्या मागून पाण्याची बारीक धार पडत असते, नाखव्याचं लक्ष त्या धारेवर असतं. ती बंद झाली की मशीन बंद करायचं, मग भरती असो की ओहोटी. खाऱ्या पाण्याचं मीठ आतल्या वाटांत साचतं म्हणून फेरी संपली की मशीन गोड्या पाण्यात दहा मिनिटं चालवून धुवायला हवं. पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. आमच्याकडे नळाला कधी दिवसाआड पाणी येतं आणि टँकरवर भांडणं होतात. चाचा दोनशे लिटरच्या एका पिंपात पाणी भरून ठेवतात आणि त्यातच आठवडाभर मशीनं चालवतात. त्या पाण्यावर तेलाचा तवंग असतो, पण मीठ धुऊन निघतं.

अॅल्युमिनियमच्या अंगात स्टीलचा बोल्ट आणि भोवती खारं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते. अॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झिजतं आणि बोल्ट आत चिकटून बसतो. जोर लावला तर बोल्ट तुटतो, आणि तुटलेला बोल्ट काढण्यात अख्खा दिवस जातो. म्हणून बर्नरने भोवतालचा भाग शेकायचा, हलके ठोके द्यायचे, थंड होऊ द्यायचं, पुन्हा शेकायचं. बसवताना प्रत्येक आट्याला ग्रीस. आणि जस्ताचा तुकडा लावलेला आहे ना, हे बघायचं, कारण जस्त आधी झिजतं आणि मशीन वाचतं. त्याच्यावर रंग मारायचा नाही. हौसेने रंग मारून आणणारे महाभाग असतातच.

शेवटी कार्बोरेटर. बारीक चालीची सुई हलक्या हाताने टेकेपर्यंत आत फिरवायची, मग दीड फेरा बाहेर. मशीन पिंपात सुरू करून गरम होऊ द्यायचं, गियरमध्ये टाकायचं, कारण हवेत मोकळं फिरवून लावलेलं ट्यूनिंग पाण्यात गेल्यावर फसतं. मग सुई थोडी थोडी आत. दर वेळी पंधराएक सेकंद थांबायचं, मशीनला उत्तर द्यायला वेळ लागतो. ते शिंकायला लागलं की समजायचं पेट्रोल कमी पडतंय. मग उलट, बाहेर, घरघर होईपर्यंत. दोन्हींच्या मधली जागा शोधायची आणि तिथून किंचित बाहेरच्या बाजूला ठेवायचं. किंचित बाहेर का? कारण टू-स्ट्रोक मशीनचं तेल पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल कमी म्हणजे तेल कमी, तेल कमी म्हणजे पिस्टन चिकटला. रस्त्यावर पिस्टन चिकटला तर माणूस स्कूटर ढकलत घरी येतो. वैतरणेच्या मुखाशी ओहोटीच्या ओढीत चिकटला तर वल्हं मारायला किती जण आहेत यावर सगळं ठरतं.

आता मला सांगा, यातलं काय 'अशिक्षित' आहे?

गेल्या दोन-तीन वर्षांत या कामात एक नवी अडचण आली आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी 2030 चं होतं, ते अलीकडे ओढलं गेलं. फेब्रुवारी 2023 मध्ये ई-20 ची विक्री सुरू झाली आणि 2025 पर्यंत पंपावर सगळीकडे तेच आलं. मी इथेनॉलच्या विरोधात नाही. परकीय चलन वाचतं, उसाला पैसा मिळतो, महाराष्ट्रातल्या माणसाने याबद्दल नाक मुरडू नये. पण या निर्णयाची चर्चा फक्त मोटारी आणि दुचाकींच्या अंगाने झाली. होडीवरच्या मशीनचा विचार कुणाच्या टेबलावर आला असेल असं वाटत नाही.

इथेनॉल पाणी ओढून घेतं. मोटारीची टाकी बंद असते, होडीतली टाकी खाऱ्या, दमट हवेत उघडझाप होत असते. पाण्याचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून फुटतं आणि तळाशी बसतं. टाकीतली नळी तळातूनच ओढते. आणि टू-स्ट्रोकचं तेल? ते वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं. म्हणजे मशीनला आधी जातं ते बिनतेलाचं पाणचट मिश्रण. शिवाय जुन्या मशीनचे रबरी पाईप आणि वॉशर इथेनॉलमुळे फुगतात, मऊ पडतात, त्यांचे कण जेटमध्ये अडकतात. आणि इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असल्याने जुन्या मापाला लावलेलं मशीन उपाशी चालायला लागतं.

यावर चाचांनी स्वतःची रीत बसवली आहे. पाईप बदलून इथेनॉल सोसणारे लावायचे. टाकी आणि मशीनमध्ये पाणी अडवणारा फिल्टर. पेट्रोल लागेल तेवढंच, त्या दिवसाचं. तेल टू-स्ट्रोक स्कूटरचं नाही, तर टीसी-डब्ल्यू थ्री खुणेचं, कारण पाण्यावर थंड होणाऱ्या मशीनसाठी ते बिनराखेचं बनवलेलं असतं. लिटरला वीस मिली, फार जुन्या मशीनला त्याच्या दुप्पट. फेरीच्या शेवटी पेट्रोलचा पाईप काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो. हे सगळं करायला गिऱ्हाइकाला राजी करणं हे मशीन लावण्यापेक्षा कठीण काम आहे. मच्छीमारांच्या मोर्च्यांत डिझेलच्या परताव्याची मागणी मी दर वर्षी ऐकतो. पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल अजून एकही घोषणा ऐकलेली नाही.

आता सरकारी याद्यांकडे येतो. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा पारंपरिक व्यवसाय, प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला 500 रुपये, अवजारांसाठी 15,000 रुपये, आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांचं कर्ज. योजनेच्या नावावरून आपल्यातले काही जण बिचकतात, ते मला निरर्थक वाटतं. लोहार, सुतार, शिंपी, न्हावी या कामांत आपली माणसं भरपूर आहेत, त्यांनी अर्ज करावेत. माझा आक्षेप यादीवर आहे. तिच्यात होडी बांधणारा आहे. मासेमारीचं जाळं विणणारा आहे. होडीचं मशीन चालतं ठेवणारा नाही. लाकूड आणि सूत ही परंपरा, लोखंड आणि ठिणगी मात्र नाही. पन्नास वर्षांचं मशीन, ज्याची कंपनी उरली नाही, ज्याची विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी आणि हाताने जाते, ते पारंपरिक कारागिरीत बसत नसेल तर परंपरा म्हणजे नेमकं काय, हे कुणीतरी सांगावं.

मत्स्यव्यवसाय विभागाची किनाऱ्यावर प्रशिक्षण केंद्रं आहेत, वर्सोव्याला आहे, तिथे सहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात नौकानयनाबरोबर सागरी डिझेल इंजिनची देखभाल शिकवतात. चांगली गोष्ट आहे. त्याला जोडून आउटबोर्डचे पंधरा दिवस वाढवणं अवघड नाही. आणि शिकवायला चाचांसारख्यांना बोलवायला हवं, त्यांच्याकडे दहावीचं प्रमाणपत्र नसलं तरी. अनुभवातून आलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या कौशल्य योजनेत 2015 पासून आहे, म्हणजे वाटही नव्याने पाडायची नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने 2022 मध्ये समिती नेमली, तिने शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं हे चार विभाग धरले. बोट त्यातही नाही. किनारा सातशे किलोमीटरचा आहे हे आपल्याला फक्त भाषणात आठवतं.

सरकारला बोलून झालं. आता आपल्या लोकांना.

सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगार करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असल्याचं नोंदवलं होतं. आपण त्या अहवालातून मागासलेपणाचे आकडे पाठ केले. या स्वयंरोजगारात किती हुनर दडलेला आहे, हे मोजायला कुणी बसलं नाही. जलशांत 'मुसलमानांचा सुवर्णकाळ' या विषयावर भाषण झालं की अल-जझरीचं नाव येतं. यायलाच हवं. दियारबकीरच्या दरबारात काम करणाऱ्या या माणसाने 1206 साली यंत्रांवरचा ग्रंथ पुरा केला. त्यात पाणी वर खेचणारा दोन सिलिंडरचा पंप आहे, आणि तपशील इतका नेमका की आठशे वर्षांनी त्यावरून त्याच्या यंत्रांच्या प्रतिकृती बनवता आल्या. पण तो पुस्तकी पंडित नव्हता, कारागीर होता. आज तो मनवेलपाड्यात असता तर गाळ्यातच बसला असता, आणि भाषण करणारे साहेब गाडी लावायला जागा नाही म्हणून त्याच्यावर खेकसले असते. दाऊद अलैहिस्सलाम स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत, लोखंडाचं चिलखत बनवत, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. नूह अलैहिस्सलाम जहाज बांधत होते तेव्हा लोक येता-जाता हसत, हेही शिकवलेलं असतं.

आणि मग लग्नाची बोलणी होतात. चाचांचा शागिर्द बावीस वर्षांचा आहे. त्याच्या बायोडेटात घरच्यांनी 'ऑटोमोबाईल लाइन' असं लिहिलं, कारण 'गॅरेज' लिहिलं की पुढचे फोन येत नाहीत. त्याच्या इमारतीतला एक पदवीधर महिन्याला बारा हजारांवर कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो, त्याला स्थळं येतात. शिकू नका असं मी कुणाला म्हणणार नाही. शागिर्दाने बारावी पुरी करावी असं चाचांनाही वाटतं, ते त्याला परीक्षेच्या महिन्यात गाळ्यात पाऊल ठेवू देत नाहीत. माझं म्हणणं इतकंच आहे की शिक्षणाची ओढ वाढवण्यासाठी कामाची लाज वाढवण्याची गरज नव्हती, आणि आपण ती वाढवली.

एक आक्षेप मला मान्य आहे. ही जुनी टू-स्ट्रोक मशीनं घाण करतात. पेट्रोलचा बराच भाग न जळताच बाहेर पडतो, तेल पाण्यात जातं, आणि ज्या खाडीत ते जातं तिथेच बोयटं आणि खेकडे पकडायचे असतात. उद्या ही मशीनं जातील, जायला हवीत. नवी फोर-स्ट्रोक मशीनं कमी पितात आणि कमी धूर करतात. पण छोट्या होडीच्या मालकाला नवं मशीन घ्यायला कर्ज लागतं, आणि तोपर्यंत नीट लावलेलं जुनं मशीन न लावलेल्यापेक्षा कमी घाण करतं. दुसरं असं की फोर-स्ट्रोकलाही इम्पेलर आहे, जस्त आहे, गियरचं तेल आहे, मीठ आहे. तेच कान आणि तीच बोटं पुढेही लागणार आहेत, सोबत स्कॅनर वाचायला शिकवावं लागेल. ते कोण शिकवणार, हा प्रश्न आजच विचारायचा आहे.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. या दोन महिन्यांत गाळ्यात पाय ठेवायला जागा नसते, कारण होड्या वर ओढलेल्या आणि मशीनं खाली उतरवलेली. शागिर्दाने एक वही केली आहे. प्रत्येक मशीनला एक पान, नाखव्याचं नाव नाही, होडीचं नाव. पॉइंटची फट, प्लगचा नंबर, दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, इम्पेलर बदलल्याची तारीख. काही शब्द मराठी, काही हिंदी, आकडे इंग्रजी. त्या 9.9 जॉन्सनच्या पानावर सुईच्या रकान्यात आधी 'दीड फेरा' होतं. ते खोडून त्याने 'पावणेदोन' केलंय आणि बाजूला लिहिलंय: नवीन पेट्रोल.